आधी तिला दाखव

सरू आमच्या आळीत सून म्हणून आली तेव्हा तिला चहासुद्धा धड येत नव्हता. हे मी तिची निंदा करायला सांगत नाही, मला तरी कुठं येत होता? माझी सासू जिवंत असेपर्यंत चुलीपाशी कुणाला फिरकू देत नसे. ती गेल्यावर मी जे शिजवायचे ते मांजरं वास घेऊन सोडून जायची. माझा नवरा जमाल कुवेतला होता. रजा मिळाली की स्वतः यायच्या ऐवजी तो ओळखीच्या माणसाबरोबर एखादं यंत्र पाठवायचा. रोह्यात दोन शिकाऊ बायकांची घरं भिंतीला भिंत लागून असावीत, हा आमच्या आळीचा योग.

सरू हमरापूरची, गणपतीच्या कारखान्यात वाढलेली. त्यांच्याकडं स्वयंपाक एकटी काकू करायची, कारण बाकीच्या बायकांचे हात कायम मातीत नाहीतर रंगात. सरू मूर्तींचे डोळे आखायची. हे काम सहसा बाप्ये करतात, पण हिचा हात असा की तिच्या भावानं, गोविंदानं, आपला कुंचला आपणहून तिच्या हातात दिला. अशा बहिणीचं लग्न कोण वेळेवर करून देतं? ती सव्वीस वर्षांची झाली तेव्हा कुठं घरच्यांना जाग आली आणि जगनचं स्थळ पत्करलं. जगन धाटावला केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा. त्याची पहिली बायको आदल्या वर्षी काविळीनं गेली होती. पाच वर्षांची शकू आणि म्हातारी आई धोंडुबाई घरात होत्या.

पहिली बायको म्हणजे चंद्रावती. तिच्या हाताला अशी चव होती की कंपनीतली माणसं जगनचा डबा उघडायची वाट बघत बसायची. मलाही ती कुंपणावरून ताटली द्यायची. कडव्या वालांचं बिरडं, वर तांदळाची भाकरी. लहानपणी उखळात सापडून तिच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वाकडं झालं होतं. भाकरी थापताना ते बोट टेकायचं आणि प्रत्येक भाकरीच्या काठाला एक खळगा उमटायचा. कुणाच्याही ताटात ती भाकरी दिसली की आळीत सगळ्यांना कळायचं, ही चंद्रावतीची.

लग्नाच्या दिवशी सरूच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा एक टाक पडला. नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. मी विचारलं तेव्हा धोंडुबाईनं सांगितलं, दुसरेपणावर आलेलीनं पहिलीला असं गळ्यात घालायचं. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. जे शिजवशील त्याचा पहिला घास आधी तिला दाखवायचा, मग घरच्यांना वाढायचं. आमच्यात असलं काही नसतं. मेलेल्या माणसासाठी आम्ही दुआ मागतो, त्याला गळ्यात बांधत नाही. मला ते खटकलं, पण सरू मान खाली घालून उभी होती आणि मी शेजारीण, मी काय बोलणार?

पहिले दोन महिने त्या घरात उपासमारच होती. सरूनं वाल भिजवले, मोड आणले आणि सालं न काढताच शिजवले. भाकरीसाठी पाण्याला उकळी यायच्या आधीच पीठ घातलं, मग ती भाकरी तव्यावर फुटून तीन ठिकाणी सांडली. धोंडुबाई ताट सरकवून उठायची. शकू तर घासच घ्यायची नाही. ती दुपारची माझ्याकडं यायची आणि चहात बुडवून बिस्किटं खायची. पोरीच्या हाताच्या काड्या झाल्या होत्या. शेवटी एक दिवस धोंडुबाई मागच्या दारी मला ऐकू येईल असं सरूला म्हणाली, “दसऱ्यापर्यंत पोर तुज्या हातचं जेवली नाय, तर मी तिला कोलाडला मामाकडं धाडणार. आई नाय तर निदान पोट तरी भरंल तिचं.”

सरूला पोरगी हवी होती. कधी बोलून दाखवलं नाही, पण शकूच्या केसांतला गुंता ती ज्या नजाकतीनं सोडवायची ते मी बघत होते. त्या दिवसापासून ती इरेला पेटली. आळीतल्या बायकांना विचारून विचारून शिकायची, टाकाला घास लावायची आणि पुटपुटायची. मी एकदा विचारलं, काय म्हणतेस गो? तर म्हणाली, “मागते तिच्याकडं. शिकव मला, म्हणून.”

श्रावणात एका दुपारी कुंपणावरून बिरड्याचा वास आला आणि मी हातातलं काम सोडून उठले. शेवटी ठेचलेली लसूण जरा जास्तच करपवायची आणि वर ओतायची, ही चंद्रावतीची खोड. तोच वास. मी त्यांच्या पडवीत गेले तर धोंडुबाई घास तोंडात धरून थांबली होती. तिनं चुलीकडं न बघताच हाक मारली, “चंद्रे, आणखी वाढ गो.” आणि शकू, जी आजवर भिंतीकडं तोंड करून बसायची, ती ताट पुसून खात होती.

माझ्या हातात सरूनं भाकरी ठेवली. गोल, पातळ, टम्म फुगलेली. काठाला बोटाएवढा खळगा होता.

मी तिचा हात धरला आणि बोटं बघितली. पाचही सरळ. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम भाकऱ्यांच्या वेळी जाऊन समोर बसले. तिची बोटं परातीत गोल फिरत होती, कुठं टेकत नव्हती, दबत नव्हती. भाकरी उचलली तर काठाला खळगा. मी तशीच उठून घरी आले. दिवसाढवळ्या, उन्हात, मला भीती वाटली.

घर मात्र हसायला लागलं. जगनचा डबा पुन्हा रिकामा येऊ लागला. धोंडुबाई तिला सरळ चंद्राच म्हणायची आणि कुणी दुरुस्त करायचं नाही. शकू तिच्या कुशीत झोपू लागली. आळीतल्या बायका म्हणाल्या, पोरीनं नशीब काढलं. फक्त सरू दिवसेंदिवस गप्प होत गेली. मी हाक मारली तर ती पटकन ओ द्यायची नाही, आपलं नाव आठवून बघितल्यासारखी थांबायची.

गणपतीला गोविंदा माहेरची मूर्ती घेऊन आला. सगळं रंगकाम झालेलं, फक्त डोळे कोरे ठेवले होते, बहिणीनं काढावेत म्हणून. त्या पांढऱ्या डोळ्यांची मूर्ती पाटावर ठेवून सरू कुंचला घेऊन बसली. पहिलीच रेघ डोळ्याबाहेर गेली. पुसून पुन्हा काढली, ती कपाळावर. तिच्या हातातून कुंचला असा निसटत होता, जसा त्या हातानं तो कधी धरलाच नव्हता. गोविंदानं तिच्याकडून तो काढून घेतला, डोळे स्वतः काढले आणि निघताना मला हळूच म्हणाला, “भाभी, ह्यो माज्या बहिनीचा हात नाय.”

त्याच दुपारी सरू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि रडली. “पोर जेवते, भाभी. पन माज्या हातचं नाय जेवत. मी पीठ मळायला बसते आनि मागं सरते. कुनीतरी पुढं होतं. माजं काय उरलंय तिथं?”

कुणी रडलं की मी चिडते, ही माझी जुनी सवय. मी म्हटलं, रडू नकोस, ये, हे खोकं उघडू. जमालनं पाठवलेला ओव्हन सहा महिने तसाच पडला होता. गोल, चकचकीत, वर काच. सोबतचा कागद अरबीत. कुराण वाचत असल्यामुळं मला त्यातलं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं आणि अर्थ एकाचाही लागत नव्हता. सरूला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

नानखटाई करायची ठरली, कारण त्यात चुकायला फार काही नाही असं मला कुणीतरी सांगितलं होतं. वाटीभर तूप, तेवढीच पिठीसाखर, तूप पांढरं आणि हलकं होईपर्यंत हातानं फेटायचं. मग मावेल तेवढा मैदा, चमचाभर रवा, वेलची. पाणी घालायचं नाही. पहिला घाणा कोळसा झाला, कारण मधे काच उघडून बघायची असते हे आम्हा दोघींना माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी गोळे वळता वळता सरू थांबली. तिनं एक गोळा तळहातावर घेतला, अंगठ्यानं कडा चेपली, नखानं दोन टोचे दिले, आणि तिथं कान टवकारलेला उंदीर बसलेला होता. मग दुसरा. मग मोदक धरलेला तिसरा. काड्यापेटीतल्या काडीनं तिनं त्यांचे डोळे काढले, एका फटक्यात, न पुसता.

“हा माजा हात,” ती म्हणाली. घाणा भाजून निघाल्यावर टाकाला घास लावायला तिचा हात सवयीनं गळ्याकडं गेला आणि तिथंच राहिला. मग तिनं टाक पदराच्या आत सारला आणि नानखटाई स्वतःच्या तोंडात टाकली. लग्न होऊन आल्यापासून सरूनं चंद्रावतीला न दाखवता खाल्लेला तो पहिला घास असेल.

पितृपक्षात नवमीला सवाष्ण गेलेल्या बाईचं पान वाढतात. सरूनं सगळा स्वयंपाक केला, वडे, खीर, बिरडं, भाकरी, आणि सगळं चंद्रावतीच्या चवीचं झालं. तिनं पान मांडलं, टाक हातात धरून प्रत्येक पदार्थ त्याला लावला. मी पडवीच्या पायरीवर होते. ती म्हणाली ते मला नीट ऐकू आलं. “पोटभर जेव, ताई. लेकीला जगवलीस, मी इसरायची नाय. पन आता मला पुढं येऊ दे.”

घरच्यांची पानं झाल्यावर तिनं डब्यातली नानखटाई बाहेर आणली. धोंडुबाईनं लगेच हात वर केला. “आधी तिला दाखव.”

“हे तिला नाय दाखवायचं,” सरू म्हणाली. “हे मी केलंय.”

जगन ताटावरून उठता उठता खाली बसला. धोंडुबाईचा चेहरा बघून मला वाटलं, आता ही सरूला गाठोडं बांधायला सांगणार. शकूनं तेवढ्यात एक उंदीर उचलला, त्याच्या डोळ्यांकडं बराच वेळ बघितलं आणि त्याला तसाच मुठीत धरून झोपायला गेली. तिनं तो खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडून जळका वास आला. मी धावत गेले. तव्यावरची भाकरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटलेली, मधे करपलेली होती. काठ वेडावाकडा, पण खळगा कुठं नव्हता. धोंडुबाईनं ती भाकरी हातात घेतली, काठावरून बोट फिरवत एक फेरी पूर्ण केली आणि रडायला लागली. चंद्रावतीला नेली तेव्हा ही बाई रडली नव्हती, आळीनं तिला तेव्हा दगड म्हटलं होतं. आता ती भाकरी उराशी धरून म्हणत होती, “गेली गो. माजी चंद्रा गेली.”

सरू चुलीपाशी उभी होती. हाताला पीठ, डोळ्यांत पाणी, आणि ते पुसायचं सोडून ती शकूकडं बघत होती. दसरा जवळ आला होता. कोलाडचा मामा येऊन गेला होता. या भाकरीवर पोरगी उपाशी उठली की सगळं संपलं, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

शकू ताटावर बसली. तिनं भाकरीकडं बघितलं, मग सरूकडं, अगदी पायांपासून डोक्यापर्यंत, घरी नवीन पाहुणी आल्यावर पोरं बघतात तसं. श्रावणापासून जिच्या कुशीत झोपली तिला विचारलं, “तुजं नाव काय गो?”

“सरू.”

शकूनं ते नाव एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. मग भाकरीचा करपलेला तुकडा तोडून बाजूला ठेवला आणि उरलेली खायला सुरुवात केली.