खाडीत गेलेली चिठ्ठी

या गं पोरींनो, जरा जवळ सरका. या ग्रुपवर सगळ्यांचे भुताखेतांचे अनुभव वाचता, मग एकटीनं न्हाणीत जायला घाबरता... आणि साठ वर्षं दुबईत काढलेल्या या म्हातारीला एकदा तरी विचारलंत, नानी, तुमचं काही आहे का? नाही ना? मग मीच लिहिते.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. सासू जिनांचं सांगायला लागली की मी भात बघायला उठायचे.

सहासष्ट-सदुसष्टची गोष्ट. यूएई अजून व्हायचं होतं. आम्ही रत्नागिरीकडचे, बर दुबईत एका खोलीत राहायचो. मी रोज अब्रात, म्हणजे खाडीतल्या लाकडी होडीत, बसून पलीकडे देऱ्याला एका इंग्रज मेमसाहेबांकडे कामाला जायचे. त्यांना झाडं जमवायचा नाद. फांदी कागदात दाबून सुकवायची, जाड शीटवर दोऱ्यानं टाचायची, कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवायची — झाड कुठलं, कधी तोडलं, कुणी तोडलं. चिठ्ठी हरवली तर फांदी म्हणजे नुसतं गवत, असं त्या म्हणायच्या. मला इंग्रजी येत नव्हतं. भरतकामाचा नमुना उतरवावा तशी अक्षरं बघून चिठ्ठ्यांची दुसरी प्रत काढायचे.

त्यात एक रेडबडची फांदी होती. आमची इराणी शेजारीण त्याला अर्गवान म्हणायची. पानं यायच्या आधी नुसत्या लाकडालाच गुलाबी फुलं! मेमसाहेबांच्या भावानं ती इराणच्या डोंगरातून पाठवली होती. टपाल आलं त्याच आठवड्यात तो तापानं गेल्याची खबर आली. त्याच्या हातचं शेवटचं अक्षर म्हणजे ती चिठ्ठी. पाच ओळी.

त्या दुपारी तिची माझी प्रत अर्धीच झाली. घरी पोर आजारी. प्रत घरी पुरी करू म्हणून मी न विचारता ती अजून न चिकटवलेली चिठ्ठी ओढणीच्या गाठीत बांधली आणि निघाले. अब्रात वाटलं, बघूया नीट आहे ना... गाठ सोडली, आणि वाऱ्यानं चिठ्ठी उचलली. पाण्यात शाई निळी पसरली, कागद खाली गेला. मी उठून उभी राहिले तर अब्रावाला ओरडला, बैठो, कागज के लिए जान दोगी क्या?

घरी कुणाला बोलले नाही. नोकरी जाईल ते जाईल, पण त्या बाईंना तोंड कसं दाखवू?

सकाळी कबूल करायचं ठरवूनच गेले. मेमसाहेब शीटांच्या उघड्या कपाटापुढं उभ्या. किल्ली फक्त त्यांच्याकडे असायची. हातात रेडबडची शीट. आणि कोपऱ्यात — चिठ्ठी! चिकटवलेली. खळ अजून ओली. कागदाच्या कडेला मीठ सुकल्याची पांढरी रेघ.

ओळी मोजल्या... सहा.

त्यांनी हळूच विचारलं, "अमीना, ये किस हवा की बात है?"

मी अजून एक शब्द बोलले नव्हते, हो!

सहावी ओळ भावाच्याच अक्षरात होती, त्यांनीच वाचून सांगितली — वारा होता, पोरीला रागावू नकोस. मी सगळं सांगितलं. त्या जमिनीवर बसल्या. लहानपणी त्यांच्या हातून काही फुटलं की भाऊ आईला हेच सांगायचा म्हणे, वारा होता.

त्या रागावल्या नाहीत. देश सोडताना शीट मलाच देऊन गेल्या. पुढं दुकानांच्या पाट्या वाचत वाचत मी इंग्रजी शिकले आणि ती ओळ स्वतः वाचली. मेमसाहेब खोटं बोलल्या नव्हत्या.

नातू म्हणतो, "नानी, शी रोट इट हरसेल्फ." अरे, पण त्यांना वाऱ्याचं सांगितलं कुणी? त्यावर तो मोबाईल बघतो.

पाच ओळी आता फिकट झाल्यात, सहावी तशीच. इथं दुबईत करामाला माझ्या घरी या एकदा, लवकर या, माझे डोळे आहेत तोवर. चहा करीन, शीट दाखवीन.

पंखा मात्र आधी बंद करीन.