नोकरी जाण्याचा विमा

अमेरिकेतल्या डुलूथ बंदरात लोहखनिजाच्या धक्क्यावर अर्विड टोलेफसनने एकतीस वर्षं नोकरी केली, पण छाती फुगवून तो सांगायचा ते भलतंच. शहाण्णव सालापासून त्याच्या घरात खर्च झालेला एकही सेंट कॉम्प्युटरात नोंदवल्याशिवाय राहिलेला नव्हता. किराणा, पेट्रोल, मासेमारीचं आमिष, नातवंडांचे बूट, सगळं एकाच क्रेडिट कार्डावर. दर शनिवारी न्याहारी झाली की तो घरखर्चाचं सॉफ्टवेअर उघडायचा, एक बटण दाबायचा आणि आठवड्याचे व्यवहार बँकेकडून आपोआप खाली उतरायचे. नावं नीट, रकाने नीट, दहा मिनिटांत काम फत्ते. मी समोरच राहतो. बर्फ उपसताना फावड्यावर रेलून त्याने मला हे इतक्यांदा ऐकवलं होतं, की तो तोंड उघडायच्या आत मी मान डोलवायचो.

२०११ च्या जानेवारीत आमची गावातली बँक बाहेरच्या एका मोठ्या बँकेने विकत घेतली. पुढच्या शनिवारी अर्विडने बटण दाबलं, तर पडद्यावर एक लाल त्रिकोण आणि एक आकडा. पुन्हा दाबलं. पुन्हा त्रिकोण.

त्याने बँकेला फोन लावला. चाळीस मिनिटं ताटकळत बासरीची धून ऐकल्यावर एक मुलगा लाइनवर आला. "सर, आमच्याकडून सगळं ठीक आहे. तुम्ही सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा."

सॉफ्टवेअरवाल्यांची बाई म्हणाली, "आमच्याकडे काहीच बिघाड नाही, सर. बँकेला विचारा."

"मग बिघाड काय माझ्या मांडीवर येऊन बसलाय का?" अर्विड ओरडला. पलीकडून परत बासरी सुरू झाली.

असे तीन शनिवार गेले. लव्हॉन, त्याची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "कागदावर येतं ना बिल दर महिन्याला? बघ आणि टाईप कर. जगबुडी होतेय का?"

"पंधरा वर्षं मशीन करतंय ते मी हाताने करू?"

"मग मशीनशीच बोल. जेवायलाही त्यालाच माग."

चौथ्या शनिवारी फोनवरच्या कुणीतरी सांगितलं, की कार्डाची जोडणी तोडा आणि नव्याने जोडा. अर्विडने तसं केलं. व्यवहार उतरले, पण गेल्या दीड वर्षाचे सगळे, नव्याने. आधीचे होतेच. आता प्रत्येक खर्च दोनदा. जुलैत गाडीचा गिअरबॉक्स एकदा बदलला होता, तो आता दोनदा बदललेला दिसत होता. त्याने राखून ठेवलेली जुनी प्रत परत आणली, पुन्हा जोडणी केली. पुन्हा तेच. अकराशे नोंदी जास्तीच्या, आणि सगळ्या एकदम पुसायची सोय नाही, कारण काही खरोखरच दोनदा झालेल्या. लव्हॉन एकाच दिवशी एकाच दुकानात दोनदा कॉफी घ्यायची.

मग तो एकेक ओळ बघून पुसायला बसला. दुपारी मी त्याच्याकडे गेलो, तर टेबलावर गार झालेली कॉफी आणि अर्विडचे डोळे लाल. तो मान वर न करता म्हणाला, "बस. पण बोलू नकोस. बोललास तर ओळ चुकते."

तिसऱ्या दिवशी तो एका ओळीवर अडला. नऊ डॉलर पंच्याण्णव सेंट. नव्या बँकेने पाठवलेल्या नोंदीत नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे होते. शेजारच्या जुन्या नोंदीत, तीच रक्कम, तीच तारीख, पुढे लिहिलेलं 'विमा'. पुढच्या महिन्यातही तसंच. त्याच्याही पुढच्या.

"लव्हॉन, हा विमा कसला गं?"

ती हात पुसत आली. "घराचा विमा चेकने जातो. गाडीचाही. हा तू उतरवलायस, मी नाही."

अर्विडने मागे मागे जाऊन पाहिलं. मार्च २००४ पासून, दर महिन्याला. सॉफ्टवेअरने त्या पहिल्याच महिन्यात या खर्चाचं नाव 'विमा' ठेवलं होतं आणि तेव्हापासून प्रत्येक वेळी निमूटपणे त्याच रकान्यात टाकलं होतं. शनिवारी दहा मिनिटांत अर्विड फक्त बेरीज बघायचा. बेरीज बरोबरच असायची.

पुन्हा फोन, पुन्हा बासरी. उत्तर आलं ते असं: ही कार्डावरची संरक्षण योजना. कार्डधारकाची नोकरी गेली, तर कार्डाचे हप्ते बँक भरते. २००४ मध्ये फोनवर त्याने होकार दिला होता.

"मी २००२ मध्ये रिटायर झालो!" अर्विड म्हणाला. "माझी कुठली नोकरी जाणार होती?"

"ते तुम्ही त्या वेळी सांगायला हवं होतं, सर."

तीन महिन्यांचे पैसे परत देऊ, म्हणाले. अर्विडने चौऱ्याऐंशी ओळींची यादी छापली, आठशे पस्तीस डॉलर ऐंशी सेंट, आणि बर्फ पडत असताना शाखेत जाऊन बसला. लव्हॉनही गेली, स्वेटर विणायला घेऊन. तिथली मॅनेजर कोरीन त्यांना जुन्या बँकेपासून ओळखत होती. तिने वर दोन-तीन फोन केले, चेहरा पाडून परत आली. "बारा महिन्यांचे देतात, अर्विड. त्याच्यापुढे माझं चालत नाही गं, लव्हॉन."

"एकशे एकोणीस डॉलर," अर्विड म्हणाला. "आणि बाकीचे?"

"सही कर," लव्हॉन म्हणाली. "फोनवर हो म्हणणारा तूच. सात वर्षं न वाचणाराही तूच."

त्याने सही केली. पैशांपेक्षा ते शेवटचं वाक्य त्याला लागलं होतं. लव्हॉनलाही ते कळलं असावं. संध्याकाळी तिने न विचारता त्याच्यासमोर भाजलेल्या माशाची ताटली ठेवली. ती त्याने संपवली, पण रागातच.

पुढे त्याने सॉफ्टवेअरमधले आपोआप नावं द्यायचे नियम काढून टाकले, दोनशे बारा होते. आता व्यवहार उतरतात ते उघडेबोडके, बँकेच्या अगम्य अक्षरांत, आणि प्रत्येकाला नाव तो स्वतः देतो. शनिवारची अख्खी सकाळ त्यात जाते. एप्रिलमध्ये मी सहज डोकावलो, तेव्हा साडेअकरा वाजले होते. लव्हॉन शेजारी बसून पावत्या वाचत होती.

"सहा डॉलर दहा, हे कोण?" अर्विड करवादला.

"मला काय माहीत? तुझं कार्ड."

"तुझ्याकडेही आहे कार्ड!"

"मग पावती शोध," ती म्हणाली आणि पावत्यांचा डबा त्याच्या पुढ्यात उपडा केला.