दुचाकी कोणत्या बाजूनं फिरली

बुधवार पेठेतल्या एका लहान ॲनिमेशन स्टुडिओत मी नोकरीला होते, तेव्हाची गोष्ट. एका ट्रकमालकाचे वकील काम घेऊन आले. वारज्याच्या पुलाजवळ ट्रक आणि दुचाकीची धडक होऊन दुचाकीस्वार गेला होता. तडजोडीच्या बैठकीत दाखवायला त्यांना अपघाताची फिल्म हवी होती.

दुचाकी सरळ चाललेली, ही पहिली की-फ्रेम, म्हणजे आम्ही हातानं ठरवून दिलेली स्थिती. डावीकडे तोंड करून पडलेली, ही शेवटची. मधलं फिरणं कॉम्प्युटर स्वतः भरतो, आणि आमचा नेहमी कमी फिरावं लागेल ती बाजू धरायचा. त्यामुळे पडद्यावर दुचाकी डावीकडे पाव वळण घ्यायची, जणू चालवणाऱ्यानंच अचानक हँडल वळवलं. पण पोलिसांच्या फोटोंत रस्त्यावरचे ओरखडे उजवीकडून गोल गेलेले होते. मागून धक्का बसून गाडी पाऊण गिरकी घेऊन पडली होती. मी मध्ये दोन की-फ्रेम घातल्या आणि ती तशीच फिरवली.

वकिलांनी पाहिलं. "शेवटी पडते तिथंच ना? मग एवढी कशाला फिरवताय?"

"कारण ती तशीच फिरली."

"अहो मॅडम, आपण पंचनामा करायला बसलोय का इथं?" आमचे साहेब म्हणाले. मी बदल करायला नकार दिला, तेव्हा त्यांनी माझ्या खुर्चीत बसून मधल्या की-फ्रेम पुसून टाकल्या.

मोठा पडदा आमच्याकडे होता, म्हणून बैठक स्टुडिओतच झाली. गेलेल्या माणसाची बायको दिराबरोबर आली होती. फिल्म संपली. ती दिराला म्हणाली, "फोन घ्यायला गेले असतील. मीच केला होता, येताना दूध आणा म्हणून."

मला राहवलं नाही. "ताई, गाडी अशी वळलीच नव्हती. मागून धक्का बसला होता. फोटोतले ओरखडे बघा."

"या नवीन आहेत," साहेब शांतपणे म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "पण इथं तर दिसतंय ना," म्हणाली, आणि तडजोडीच्या कागदावर सही केली.

मी दिराला जिन्यात गाठून पुन्हा सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. "वहिनी आत्ता कुठं दोन घास खायला लागलीय. आता परत नको," एवढंच बोलून तो खाली उतरला.

संध्याकाळी साहेबांनी मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

परवा सहज त्या स्टुडिओची वेबसाइट उघडली. निवडक कामांत ती फिल्म अजून आहे. खाली लिहिलंय: अचूक आणि वास्तवदर्शी.