मेंढरू आलं

"आता हा हाक मारून दाखवेल. घाबरू नका, चावत नाही."

हे सरांनी पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं. मला नुसतं बोट दाखवलं. ऊठ.

मी उठलो. पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेचा इतिहासाचा हॉल होता तो. तिथल्या पंख्यांनासुद्धा घराण्याचा अभिमान, उगाच भराभर फिरायचे नाहीत. पहिल्या रांगेत इंग्लंडहून आलेले एक म्हातारे प्राध्यापक, मांडीवर टेपरेकॉर्डर. त्यांच्या मागं आमचे सगळे गुरुजन. व्यासपीठावर सर, म्हणजे माझे मार्गदर्शक. त्यांच्या सहीशिवाय माझा प्रबंध जागचा हलणार नव्हता. सरांनी नुकताच एक निबंध वाचून संपवला होता. चारशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, तिथली मेंढरं, तिथली कुळं. निबंध उत्तम होता. असणारच. शब्दाला शब्द माझं तिसरं प्रकरण होतं ते. फक्त माझं नाव गळालं होतं.

अशी आमची वाटणी. अक्कल त्यांनी वाचायची, आवाज मी काढायचा.

आता मेंढक्याचं पोर इंग्लंडच्या इतिहासात कुठून शिरलं, ते सांगतो. आम्ही वडगाव रासाईच्या शिवारातले. आजा मेंढरांमागं कोकणापर्यंत हिंडला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, भीमेकाठी थोडी जमीन धरली, पण मेंढरं सोडली नाहीत. मी दौंडच्या कॉलेजात शिकत होतो. वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. इतकं जुनं, की उघडल्यावर त्यातली झुरळंसुद्धा इंग्रजीत पळाली. आत एक चित्र होतं. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडच्या राणीच्या काळातलं शेत, आणि शेतात तट्ट्यांच्या आत कोंडून बसवलेली मेंढरं. मी ओरडलोच.

"हळू. वाचनालय हाय हे," ग्रंथपाल म्हणाले.

"व्हय मामा. पर मेंढरं आमची हायत."

आमच्याकडं काढणी झाली की शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतो. रात्रभर ती जाळीच्या वाघरात बसतात, लेंड्यांनी रान खतावतं, शेतकरी धान्य देतो. आप्पांचा मानच होता तो. "एक रात मेंढरू बसलं की तीन साल पीक बोलतं," असं ते म्हणायचे. चित्रातल्या इंग्लंडात हेच होतं, पण उलटं. तिथं जमीनदाराची मेंढरं गरीब कुळाच्या रानात बसायची, कुळाला विचारायचं नाही. कुळानं कुंपण घातलं तर कुळावरच खटला. त्या काळातली लोकरच जगातल्या साऱ्या पंडितांनी बघितली होती. मी लेंड्या बघितल्या.

त्या एका चित्रापायी मी चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी अक्षरं वाचायला शिकलो. शेणावर कोंबडी नाचावी तशी अक्षरं. इंग्लंड मी आजही पाहिलेलं नाही, पण तिथल्या नॉरफोक परगण्यातला कुठला बांध कुणी कोरला ते विचारा. आमच्या खुटबावच्या पाव्हण्यांच्या बांधाबद्दल मला तेवढं ठाऊक नाही.

हाकेची सुरुवात चहावर झाली. सर म्हणाले, "तुमच्यात मेंढ्यांना कसं बोलावतात रे?" मी करून दाखवलं. सगळे हसले, मीही हसलो. मग पद्धतच पडली. पाहुणा आला की चहा, बिस्किटं आणि मी.

आमच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, दोन हाका असतात. एक मेंढरांची. हलकी, जिभेवरची, तिला मेंढरं येतात. दुसरी माणसांची. लांडगा पडला, चोर आला, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, तर ती हाक. ती ऐकली की वाड्यावरच्या माणसानं हातातलं टाकायचं आणि पळत यायचं. पायात काय आहे, पुढं काय आहे, बघायचं नाही. आप्पांची ती हाक भीमेच्या काठावरून निघाली की उसातनं दौंडच्या जंक्शनात शिरायची, आणि गार्ड दचकून हिरवा बावटा दाखवायचा. गाडी वेळेच्या आधी सुटायची. रेल्वेनं हे कधी कबूल केलं नाही, तो त्यांचा प्रश्न.

पाहुण्यांना हलकी हाक आवडत नसे. "मोठी वाली," सर म्हणायचे. मी मोठी द्यायचो. हॉलमध्ये लांडगा कुठला येतोय, असं मला वाटायचं.

त्या दिवशीही मी मोठीच दिली. तोंडाला हात लावून, बेंबीच्या देठापासून. काचा थरथरल्या. पाहुण्यांच्या टेपरेकॉर्डरची सुई टोकाला जाऊन अडकली.

आणि जिन्यावर पावलं वाजली.

आप्पा आले होते पुण्याला. मला ठाऊक नव्हतं. माझ्यासाठी भाकरी-ठेचा बांधून आणला होता, आणि शिपायानं त्यांना खाली जिन्यापाशी थांबवलं होतं. तिथं त्यांनी आपल्या पोराची हाक ऐकली. भाकरीचं गठुडं तिथंच, वहाणा तिथंच. अनवाणी पायांनी दोन मजले चढून ते दारात उभे राहिले. हातात काठी, पटका सुटून गळ्यात आलेला, छाती भात्यासारखी.

"कोन हाय? कुठं हाय? कुनी हात लावला माझ्या पोराला?"

 सरांनी चष्मा वर केला. त्यांनी आप्पांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघा, हाक चालते. मेंढरू आलं."

मग तेच पाहुण्यांसाठी इंग्रजीत सांगितलं. मराठी हसू आधी फुटलं, इंग्रजी मागून. माझ्या बापाला दोन भाषांत मेंढरू केलं. आणि मीही हसलो. ठरवून नाही. त्या हॉलमध्ये सर बोलले की माझं तोंड आपोआप फाकायचं, इतकं मला बसवलं होतं.

आप्पांना विनोद कळला नव्हता. ते एकेका चेहऱ्याकडं लांडगा शोधत होते. मग जवळ आले, माझा दंड चाचपला.

"तुला कुनी मारलं न्हाई ना?"

"न्हाई आप्पा."

"मंग हाक का दिलीस?"



सर टाळी वाजवून म्हणाले, "छान झालं. पण रेकॉर्डिंग अर्धवट राहिलं. पुन्हा एकदा घेऊ. आणि म्हातारबुवा, तुम्ही खाली जा, हाक आली की असेच पळत या. काठीसकट. फोटो काढू."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. पोराचे गुरुजी आहेत, पोराचं काहीतरी ह्यांच्या हातात आहे, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी पटका सावरला.

"बरं साहेब. जातो," म्हणाले, आणि दाराकडं वळले. माझ्या त्या सहीपायी माझा बाप पुन्हा मेंढरू व्हायला निघाला.

मी पुढची खुर्ची बाजूला ढकलली. आवाज झाला असणार, कारण पुढच्या रांगेतल्या बाई मागं वळल्या.

"आप्पा, थांबा."

"आरं, साहेब म्हनत्यात..."

"थांबा म्हणलं ना."

मग मी पाहुण्यांकडं वळलो आणि इंग्रजीत बोललो. ज्या भाषेत मी त्यांच्यासमोर फक्त थँक्यू म्हणत आलो होतो, त्या भाषेत. "ही मेंढरांची हाक नाही. जीव धोक्यात आहे असं सांगणारी हाक आहे. हे माझे वडील आहेत, ते मला वाचवायला आले. आणि आत्ता वाचलेला निबंध मी लिहिलेला आहे."

पाहुणे टेपरेकॉर्डरकडं बघत राहिले. तो चालू होता. त्यांनी खटकन बंद केला. म्हाताऱ्याला एरवी कमी ऐकू यायचं, पण हे नीट ऐकू आलं.

सर हळू आवाजात मराठीत म्हणाले, "प्रबंधावर सही कोण करतं, माहीत आहे ना?"

"तुम्ही."

"मग?"

"मग नका करू."

आता तुम्हाला वाटेल, हॉल उठून उभा राहिला, सरांनी मान खाली घातली. मी थापा मारतो, पण एवढी मोठी मला जमत नाही. शिपायानं आम्हाला जिन्याखाली सोडलं. भाकरीचं गठुडं कुणीतरी लाथेनं कोपऱ्यात सारलं होतं. आप्पांची एक वहाण सापडली नाही. सरांनी सही केली नाही. निबंध परदेशात छापून आला, त्यांच्या नावानं, आणि त्या पाहुण्यांनी त्याला चार ओळी कौतुकाच्या लिहिल्या. सर पुढं फार मोठे झाले. लाज कुणाला वाटली नाही. लाज ही आमच्याकडंच वाढवायला दिलेली असते.

परतीच्या गाडीत आप्पा एका पायात वहाण घालून बसले होते. दौंड आलं तसे उठले. मग म्हणाले, "ती हाक रिकामी देऊ नगंस. एकदा माणूस पळत आला आन् लांडगा नसला, की फुडच्या खेपंला येत न्हाई."

आप्पा आता नाहीत. मी सकाळी शिरूरला आणि दुपारी दौंडला तासावर शिकवतो. मधलं इंग्लंड एसटीत वाचतो. ते प्रकरण मी पुन्हा लिहिलं, मराठीत, आणि त्याच्या पुढची नऊ प्रकरणं लिहितोय. नॉरफोकच्या कागदांत जमीनदारांना नावं आहेत, त्यांच्या कुत्र्यांनासुद्धा आहेत. मेंढक्याला नाही. तो नुसता 'मेंढका'. माझ्या पुस्तकात उलटं होणार. नावं मेंढक्यांची येतील, सापडतील तिथून खणून काढीन. जमीनदार नुसते 'जमीनदार'. आणि कारेगावच्या माळावर आमची मेंढरं चरायची तिथं आता कंपन्यांच्या भिंती आहेत. तेही त्याच पुस्तकात येणार. कुंपणाचा इतिहास एकच असतो.

परवा कारेगावची रेश्मा तांबोळी आली होती. माझी विद्यार्थिनी, पुण्याला एम.ए.ला निघालेली. तिचे अब्बा लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतात, थोडं तिलाही येतं. माझी हाकेची गोष्ट तिला ठाऊक होती.

"सर, तिथं मला वाजवून दाखव म्हणले तर?"

"न्हाई म्हणायचं."

"आन् सही अडवली तर?"

"तर हाक द्यायची. तुला शिकवतो ती."

ती हसली. "लई लांब हाय सर. ऐकू येईल का?"

"येईल."

"आन् तुम्ही येताल?"

"अनवाणी येईन."

आणि ह्या वेळी कुणी 'मेंढरू आलं' म्हणालं, तर दारात थांबून 'कोण आहे' असं मी विचारणार नाही. लांडगा कोण आहे, ते मला माहीत आहे. काठी दारामागंच ठेवलेली आहे. आप्पांची.