पाचशे अक्षरांचा अर्ज

तहसील कचेरीसमोर मजीदभाई छत्तीस वर्षं टेबल टाकून बसत आले होते. ते लोकांचे अर्ज लिहून देत. त्यांचा अर्ज म्हणजे दोन फुलस्केप. आधी मेहेरबान साहेबांना सलाम, मग अर्जदाराचं घराणं, जमिनीच्या चारी बाजूंना कोण कोण, मग गाऱ्हाणं आणि शेवटी पुन्हा सलाम. लोक म्हणत, मजीदभाईंचा अर्ज ऐकतानाच डोळ्याला पाणी येतं.

त्यामुळं करमाडच्या गोजरबाईंचा अर्ज परत आला तेव्हा मजीदभाईंना काही सुचेना. खाली शेरा होता: 'मागणी स्पष्ट करावी. पाचशे अक्षरांत ऑनलाइन सादर करावे.'

गोजरबाईंच्या चुलत दिरानं, सर्जेरावनं, त्यांच्या शेताच्या गाडीवाटेवर तारेचं कुंपण घातलं होतं. आत मोसंबी तोडणीला आलेली. येत्या शुक्रवारी व्यापाऱ्याची गाडी नाही शिरली, तर वर्षाचं फळ झाडाखालीच सडणार होतं. मुलगा वाळूजला कंपनीत; पाळी सोडून त्याला येता येईना.

"आज सोमवार हाय, मजीदभाई," गोजरबाई म्हणाल्या. "काय छाटायचं ते छाटा."

मजीदभाई छाटायला बसले. सलाम काढावा तर बेअदबी. आजेसासऱ्यांचं नाव काढावं तर वहिवाट किती जुनी ते कसं कळणार? पूर्वेची विहीर काढली, परत घातली. मग एक ओळ त्यांना जादा वाटली, ती त्यांनी खोडली. पुन्हा मोजलं. बसलं एकदाचं पाचशेत! तरी मन काही निवांत होईना.

शेजारच्या सेवा केंद्रात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या पुंडलिकनं कागद वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला.

"चाचा, लिहिलंय लई भारी. पण बाईंना पायजे काय?"

"म्हणजे?"

"सर्जेराव आहे, तार आहे, विहीर आहे. साहेबांनी करायचं काय, तेच नाय."

"ते मी काढलं," मजीदभाई हळूच म्हणाले. "साहेबाला आपण काय सांगायचं? एवढे मोठे आहेत, समजून घेतील."

"साहेब बाहेरचे, जालन्याकडचे. तुमच्या मनातलं त्यांना कसं समजंल?"

गोजरबाई पुढं झाल्या. "व्हा बाजूला. लिही रे बाबा. सर्जेरावनं माज्या गाडीवाटंवर तार वढली. मोसंबी आत अडकली. सुक्करवारी गाडी यायची हाय, त्याच्या आधी तार काढून द्या. झालं!"

पुंडलिकनं गट नंबर विचारून टाकला आणि वाक्य तेवढं नीट केलं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा आला.

"अजून तीनशे अक्षरं शिल्लक आहेत, चाचा. टाकायचंय काही?"

मजीदभाईंनी मान आधी होकारार्थी हलवली, मग नकारार्थी. इतकं उघडं लिहिलेलं त्यांना वाचवेना. बाईला भर रस्त्यात भांडायला पाठवल्यासारखं वाटत होतं. पण काय घालायचं तेही आठवेना. पुंडलिकनं बटण दाबलं.

बुधवारी स्थळपाहणीचा निरोप आला. गुरुवारी साहेब स्वतः बांधावर गेले. मजीदभाईंचं त्या दिवशी कशात लक्ष नव्हतं. साहेब भडकले असतील, बाईचं काम आपल्यामुळं बिघडलं असेल, असंच मनात येत होतं. शुक्रवारी सकाळी न राहवून त्यांनीच गोजरबाईंना फोन लावला.

"काढली का तार?"

"कवाच! कालच काढली. गाडी आत आलीय."

"साहेब काही बोलले? अर्जाबद्दल?"

"काय बोलतील?"

"रागावले नाहीत?"

"कशापायी?" त्यांच्या मागं कुणीतरी क्रेट मोजत ओरडत होतं. "बरं ठिवते, भाऊ. माल भरायलेत."

मजीदभाईंनी फोन टेबलावर ठेवला. कशापायी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.