बोलक्या नवसूची मुकी गोष्ट

महाळुंगे पडवळच्या नवसू धनगराच्या तोंडाला उसंत म्हणून नव्हती. मेंढरांमागं जाताना तो मेंढरांशी बोलायचा, आणि मेंढरं ऐकत नाहीत असं दिसलं की बाभळीशी. मानमोडीच्या तापाच्या साथीनंतर काही वर्षांनी मंचरच्या सुवालालशेठनी कापडाच्या दुकानाला जोड म्हणून जत्रांतून सिनेमाचा तंबू फिरवायला घेतला. सिनेमा तेव्हा मुका. पडद्याशेजारी उभं राहून चित्रांना बोल देणारा माणूस लागायचा, आणि तो शेठना शोधावाच लागला नाही. हातात काठी घेऊन नवसू पडद्यावरच्या राणीला असं भांडायला लावायचा, की ओतूरच्या जत्रेत एका म्हातारीनं राजाला वहाण फेकून मारली. पडद्याला भोक पडलं. शेठनी ते शिवून घेतलं आणि नवसूची पाठ थोपटली.

एक दिवस शेठ म्हणाले, "नवसू, पुण्याहून कॅमेरावाला येतोय. मोठ्या खेळाआधी दाखवायला आपलं एक छोटं चित्र करू. गोष्ट तू दे. पण उसनी नको."

गोष्टींचा काय तोटा! नवसूनं राजा सांगितला. शेठ म्हणाले, पाहिलाय. दरोडेखोर सांगितला, तोही पाहिलेला.

"अरे, ह्या सगळ्या तू माझ्याच तंबूत बघितल्यास," शेठ हसले. "तंबू नव्हता तेव्हा काय बघत होतास, ते आण की."

हे बोलणं नवसूच्या डोक्यात बसलं. घरी येऊन तो बायकोला, चिमाबाईला, नवी गोष्ट सांगायला लागला. ती जोंधळे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चित्र मुकं हाय न्हवं? मग तोंडाला कुलूप लावून दावा. मला कळलं तर गोष्ट, न्हाई तर नुसती बडबड."

मग रोज जेवणं झाली की नवसू ओट्यावर मुका खेळ करायचा. रुसलेला जावई करून दाखवला, तर चिमाबाई म्हणाली, "दाढ दुखतीया का ह्याची?" हरवलेली म्हैस शोधणारा केला, तर तिला वाटलं गडी नाचतोय. असं चुकत चुकत त्याला एवढं उमगलं, की मुक्या माणसाला जे हवं ते डोळ्यांना दिसलं पाहिजे, आणि आडवं येणारंही दिसलं पाहिजे. बाकीचं लोक आपापल्या मनात बोलून घेतात.

थंडीत एका मेंढीचं कोकरू मेलं. मेंढरांच्या त्याच वाड्यात दुसरं एक कोकरू आईविना बेंबाटत होतं. नवसूनं बापाच्या हातून शिकलेलं काम केलं. मेलेल्या कोकराचं कातडं सोलून पोरक्याच्या पाठीवर बांधलं आणि त्याला मेंढीपुढं सोडलं. मेंढीनं हुंगलं. लांब झाली. परत आली, परत हुंगलं, आणि पाय फाकवून उभी राहिली. कोकरू लुचू लागलं.

एक अक्षर न बोलता सगळं झालं होतं. नवसू सुरी हातात धरून बघत राहिला. ही गोष्ट, आणि कुणाचीही उसनी नाही. पण चित्रात माणूस पाहिजे. माणूस असं कधी वागतो, असं त्यानं स्वतःलाच विचारलं, आणि त्याला स्वतःचंच घर आठवलं.

मानमोडीत त्यांचा पाळण्यातला कुंडलिक गेला होता. त्याच साथीत नवसूचे भाऊ-भावजय गेले, मागं तान्ही अंजना राहिली. तेव्हा नवसूनं कुंडलिकची कुंची अंजनाच्या डोक्याला बांधली आणि तिला चिमाबाईच्या ओटीत ठेवलं. जन्म मेंढरांत गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? चिमाबाईनं कुंची ओढून काढली आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. शेवटी अंजना येडगावला नवसूच्या बहिणीकडं गेली आणि तिलाच आई म्हणत वाढली. चिमाबाईला पुढं मूल झालं नाही. नवसू जगातल्या सगळ्या विषयांवर बोलला, ह्यावर कधी बोलला नाही.

आता बायकोला विचारल्याशिवाय ही गोष्ट शेठना द्यायची कशी? आणि विचारायला तोंड कुठलं? म्हणून त्यानं तिच्यापुढं मुका खेळच केला. कातडं सोललं, बांधलं. मग हवेतलीच कुंची उचलली, हवेतल्याच पोराला बांधली. शेवटी स्वतः बाई होऊन पोराला उराशी धरलं.

चिमाबाईचे हात सुपात थांबले होते.

"कळलं," ती म्हणाली. "पर शेवट तुमचा न्हाई. कुठल्या तरी शिनेमातला हाय."

नवसूनं हवेतलं पोर खाली ठेवलं.

"त्या पोरीचा मला राग नव्हता वो. कुंची मी धुतली नव्हती. त्याच्या टाळूच्या तेलाचा वास व्हता तिला. तुमी ती दुसऱ्या लेकराला बांधली, आन् वास गेला. मेंढीला वास पुरला आसंल. माझ्याकडं तेवढाच उरला व्हता."

नवसूनं विचारलं, "वास पडद्यावर कसा दिसंल?"

"तुमची मेंढी हुंगती तशी बाई कुंची हुंगंल. परत हुंगंल. दिसंल." तिनं सूप उचललं. "द्या शेठला."

चित्र घोडनदीच्या काठी झालं. नारायणगावच्या तमाशात बायकांची कामं करणारा गडी आई झाला, आणि कुंची शेठनी दुकानातल्या कापडाची नवी शिवून आणली.

पहिला खेळ मंचरच्या जत्रेत. चिमाबाई बायकांच्या बाजूला बसली होती. कोकरू लुचलं तेव्हा लोक हसले, नवसूनंही कोकराच्या आवाजात दोन थट्टा केल्या. मग पडद्यावरच्या बाईनं कुंची नाकाला लावली. लांब केली, परत लावली. पुरुषांत कुणी तरी "ब्यँऽऽ" केलं. आता नवसू काही तरी झणझणीत बोलणार म्हणून तंबू वाट बघत राहिला. नवसू बोललाच नाही. काठी खाली करून उभा राहिला. पडद्यावरच्या बाईनं पोराकडं पाठ फिरवली, तेव्हा मशिनचं हँडल फिरल्याचा आवाज तेवढा येत होता. बायकांत कुणीतरी हुंदका दिला. चिमाबाईनं नव्हे, ती पडदा बघत होती.

घरी जाताना ती पुढं, हा मागं. गावची चढण लागली तेव्हा ती म्हणाली, "त्याची कुंची तशी नव्हती. तिला लाल गोंडा व्हता."

पडद्यावर लाल रंग दिसतच नाही, सगळं काळं नाही तर पांढरं, हे नवसूनं तंबूत शेकडो लोकांना समजावून सांगितलं होतं. तिला सांगितलं नाही.

"व्हता," तो म्हणाला.