खाडाखोड चालेल

आधी माफी मागतो. ज्याचा स्वतःचा गणिताचा पेपर पहिल्या खेपेला निघाला नाही, त्यानं दुसऱ्यांना गणित कसं शिकवलं हे लिहायला बसावं, हा मलाच आगाऊपणा वाटतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे कुठं बोलावं आणि कुठं गप्प बसावं, याचा अंदाज मला अजून येत नाही. पण गेले काही आठवडे मन एका जागी ठरत नाही. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी ट्रेनी म्हणून लागलोय. मशीनसमोर उभा असतो आणि डोक्यात एका उत्तरपत्रिकेचं एक पान असतं. ते पान मी पाहिलेलंही नाही. लिहून काढलं तर कदाचित डोक्यातून जाईल.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला एम-वन असतो, म्हणजे गणिताचा पहिला पेपर. त्यात पास झालं की पोरं ‘निघाला’ म्हणतात, आमच्या अहिराणीत ‘निघना’, पायातला काटा निघावा तसं. नापास झालं की ‘राहिला’. माझा राहिला होता. मी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली आणि ती घेऊन गणिताच्या सरांकडे गेलो. ते पानं उलटत राहिले.

“अक्षर छान आहे रे. पण लिहिलंयस कुठं?”

“सर, येत होतं. वेळ पुरला नाही.”

“आणि शेवटच्या पानावर हे पेन्सिलचं काय खोडलंय?”

“ते कच्चं होतं, सर.”

झेरॉक्समध्ये खोडलेल्या ओळी अंधुक उमटल्या होत्या. सरांनी पान खिडकीकडे धरलं. “यातल्या निम्म्या पायऱ्या बरोबर आहेत. पायरीला मार्क असतात. तू मार्क खोडून आलास, बाबा.”

हे असं का झालं ते मला लगेच कळलं. आमच्याकडे आधी पेन्सिलनं कच्चं करायचं, बरोबर आहे अशी खात्री झाली की ते खोडायचं आणि मग पेननं पक्कं लिहायचं. शाळेत खाडाखोडीला मार्क कापत. घरी त्याहून कडक कारभार. आई-वडिलांना वहीत काय लिहिलंय ते वाचता येत नसे, म्हणून ते वही पारखायचे ती स्वच्छतेवरून. पाहुणे आले की आई माझी वही उघडून दाखवायची. “मन्हा पोऱ्यानी वही कितली साफ शे!” तिच्या हातात तपासायला तेवढंच होतं. ज्यांच्या घरी कुणी शिकलेलं असतं त्यांच्या वह्यांत बिनधास्त गिरगोट्या असतात, हे मी हॉस्टेलवर आल्यावर पाहिलं.

पुढच्या खेपेला मी थेट पेननं लिहिलं, चुकलं तिथं रेघ मारली, आणि माझा एम-वन निघाला. मग रविवारी कॅन्टीनमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघं-तिघं विचारायला यायला लागले. सगळे माझ्यासारखेच, घरातले पहिले. नोकरी लागल्यावरही मी रविवारी तिथं जात राहिलो. मी काही फार शिकवत नव्हतो. एक स्टीलचा डबा ठेवायचो. आल्या आल्या खोडरबर त्यात टाकायचं. खाडाखोड चालेल; चुकलं तर एक आडवी रेघ, आणि पुढं जायचं. आणि प्रत्येक पायरी आपल्या घरच्या बोलीत मोठ्यानं सांगायची.

“दादा, खोडरबर काय जमा करता, मोबाईल करा,” सातपूरचा एक मुलगा म्हणायचा. त्याचे वडील तिथल्याच कंपनीत शिफ्टला जायचे.

“तू आधी डब्यात टाक.”

त्यांच्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती, आमच्याच सटाण्याकडची. तिचा एम-वन दोनदा राहिला होता. तिसऱ्या वर्षात जायचं तर पहिल्या वर्षाचं सगळं निघालेलं लागतं. या खेपेलाही राहिला असता तर तिचं वर्ष गेलं असतं, आणि वर्ष गेलं की सरकारी हॉस्टेलमधली जागाही जाते. नाशिकमध्ये खोली करून राहणं तिच्या घरच्यांना जमणारं नव्हतं. म्हणजे ती घरी परत गेली असती, आणि परत गेलेली मुलं पुन्हा येत नाहीत.

तिची वही इतकी नीटनेटकी की सातपूरचा म्हणाला, “ही वही आहे की लग्नपत्रिका?”

“तुझी तर पुड्या बांधायच्या कामाची आहे,” ती म्हणाली. खोडरबर मात्र तिनं सगळ्यांत शेवटी टाकलं. पहिली चूक झाली तेव्हा तिचा हात थबकला. मग तिनं कंपासमधून पट्टी काढली आणि पट्टी लावून रेघ मारली. आम्ही सगळे हसलो, तीही हसली.

एक पायरी कशी आली ते मी तिला अहिराणीत विचारलं, “हाई पायरी कशी उनी, सांग बरं.” तिनं शुद्ध मराठीत उत्तर दिलं. नंतर हळूच म्हणाली, “दादा, इथं नको तसं बोलायला. हॉस्टेलवर हसतात.” मी पुन्हा आग्रह केला नाही. पुढं तिची पट्टी सुटली, हात वेगानं चालायला लागला.

पेपरच्या दिवशी माझी दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी कॉलेजच्या गेटवर जाऊन थांबलो. ती बाहेर आली.

“खोडरबर नेलंच नव्हतं, दादा. सगळं पेननं लिहिलं.”

“शाब्बास.”

“पण एका गणिताचं उत्तर विचित्र आलं. म्हणून रेघ मारली आणि दुसऱ्या पद्धतीनं करायला घेतलं. ते अर्धंच झालं. मैत्रिणींचं उत्तर ऐकलं आत्ता. माझं पहिलंच बरोबर होतं.”

“काही होत नाही,” मी म्हणालो. काय होतं ते मला माहीत नव्हतं.

अंबडच्या बसमध्ये बसलो आणि तेव्हापासून हे सुरू झालं. रेघ मार, हे वाक्य माझं. सरांना फोन केला.

“खोडलेलं सहसा बघत नाहीत,” सर म्हणाले. “तपासणाऱ्यावर असतं.” मग म्हणाले, “तू रेघ मारायला शिकवलंस, चांगलं केलंस. कधी मारायची नाही, ते शिकवलंस का?”

नव्हतं शिकवलं. मला स्वतःला तरी कुठं येत होतं? खोडण्याची भीती काढली आणि घाईनं खोडण्याची सवय तिच्या हाती दिली, असं वाटायला लागलं. पुढच्या रविवारी मी नवा नियम सांगितला. उत्तर परत गणितात घालून बघायचं, ते जुळत नसेल तरच रेघ. सातपूरचा म्हणाला, “दादा, हे आधी का नाही सांगितलं?” त्यानं सहज विचारलं होतं. मी डब्याचं झाकण लावत बसलो.

ती त्यानंतर आली नाही. डब्यात तिचं खोडरबर तेवढं राहिलं, एका कोपऱ्यानं झिजलेलं. मी ते बॅगेत घेऊन फिरतोय. निकाल आज लागणार, उद्या लागणार, असं रोज कुणीतरी सांगतं. सुपरवायझर म्हणतात, “लक्ष कुठंय तुझं? हात जाईल मशीनमध्ये.” कामावर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. दर सुट्टीत मी जवळजवळ पळतच लॉकरकडे जातो, आणि फोनवर रिचार्जच्या जाहिराती असतात. तिला विचारावं, तर काय तोंडानं विचारू?

इथवर लिहून कामावर गेलो होतो. चहाच्या सुट्टीत लॉकर उघडला. निकालाची साइट उघडतच नव्हती, गोल गोल फिरत होती. ती बंद केली तेव्हा तिचा मेसेज दिसला. ती माझ्याशी अहिराणीत कधी बोलली नव्हती.

“दादा, निघना. काठवर, पन निघना. त्या गणितना मार्क भेटनात का नई, माहीत नई. मन्हं खोडरबर तुमनाकडेच ऱ्हाऊ द्या.”